'चर्चा करणे' खोडा, 'चर्चिणे' लिहा

घरातल्या शाळकरी मुलाची इंग्रजीची वही उघडा. मागच्या पानांवर शब्दार्थ असतात. मधोमध पट्टीने आखलेली रेघ, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. डिस्कस म्हणजे चर्चा करणे. रीच म्हणजे पोहोचणे. ऑर्डर म्हणजे मागणी करणे. वेट म्हणजे वाट पाहणे. अर्थ सगळे बरोबर आहेत, खाली बाईंची सहीही असते. पुढच्या निबंधात तेच मूल लिहितं: 'वी डिस्कस्ड अबाउट द पिकनिक', 'वी रीच्ड टू महाबळेश्वर', 'वी ऑर्डर्ड फॉर आइस्क्रीम', 'वी वेटेड द बस'. चारही वाक्यांवर लाल शाई. एकात 'अबाउट' खोडलेलं, दुसऱ्यात 'टू', तिसऱ्यात 'फॉर', आणि चौथ्यात उलट 'फॉर' घातलेलं. का, ते कुठेच लिहिलेलं नसतं. यावरून मुलाने काय समजायचं? इंग्रजी प्रीपोझिशनं लहरी असतात, एवढंच. तो तसं समजतो, आणि चाळिशीत ऑफिसच्या ई-मेलमध्येही 'ॲज वी डिस्कस्ड अबाउट' असंच लिहीत राहतो.

माझं सांगणं असं की चुकीचा उगम वहीच्या उजव्या रकान्यात आहे. इंग्रजी क्रियापदाला आपण जो मराठी अर्थ चिकटवतो, तोच पुढे वाक्यात लुडबुड करतो. तो अर्थ बदला, म्हणजे बऱ्याच ठिकाणी प्रीपोझिशन आपसूक जागेवर येतं किंवा निघून जातं. सगळीकडे हे जमत नाही, आणि कुठे जमत नाही तेही सांगेन. पण अर्जात, ई-मेलमध्ये, मुलाखतीत ज्या चुका पुन्हापुन्हा होतात त्यांतल्या पुष्कळ या एका सवयीने जातील.

'चर्चा करणे' यात क्रियापद कोणतं? करणे. चर्चा हे नाम आहे. मराठीची ही रोजची रीत आहे: विनंती करणे, हल्ला करणे, उल्लेख करणे, लग्न करणे, भेट देणे, भर देणे. नाम घ्यायचं आणि त्याला करणे किंवा देणे जोडायचं. नाम आलं की त्याच्या आधी बद्दल, वर, साठी, ला असं काहीतरी लागतंच. सहलीबद्दल चर्चा, किल्ल्यावर हल्ला, रजेसाठी विनंती, रायगडाला भेट. गंमत अशी की इंग्रजीतही नामाला ते लागतं. 'अ डिस्कशन अबाउट द पिकनिक', 'ॲन अटॅक ऑन द फोर्ट', 'अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह', 'अ व्हिजिट टू रायगड', 'ॲन ऑर्डर फॉर आइस्क्रीम', 'एम्फसिस ऑन हायजीन' हे सगळं शुद्ध आहे. पण त्यांचीच क्रियापदं वापरली की मधलं प्रीपोझिशन गळतं, कारण क्रियापद थेट कर्माला जाऊन भिडतं: 'डिस्कस द पिकनिक', 'अटॅक द फोर्ट', 'रिक्वेस्ट लीव्ह', 'व्हिजिट रायगड', 'ऑर्डर आइस्क्रीम', 'एम्फसाइज हायजीन'. आपण तोंडाने इंग्रजी क्रियापद उच्चारतो आणि मनात मराठी नाम धरून बसलेलो असतो. त्या नामाचं शेपूट मग वाक्यात येतं.

म्हणून उजव्या रकान्यात शक्य तिथे एकशब्दी मराठी क्रियापद लिहा. मराठीत ती भरपूर आहेत. काही थोडी जुनाट वाटतील, वाटू द्या. वहीत लिहायला कोण अडवतंय?

डिस्कस म्हणजे चर्चिणे. सभेने प्रश्न चर्चिला. या वाक्यात 'बद्दल' घुसवायला फटच नाही, आणि 'डिस्कस' नंतर 'अबाउट' घालायलाही नाही. ऑर्डर म्हणजे मागवणे. आइस्क्रीम मागवलं, 'ऑर्डर्ड आइस्क्रीम'. डिस्क्राइब म्हणजे वर्णिणे, मेन्शन म्हणजे उल्लेखणे. 'डिस्क्राइब अबाउट युवरसेल्फ' आणि 'ही मेन्शन्ड अबाउट यू' ही दोन्ही वाक्यं मुलाखतीच्या खोलीत सर्रास ऐकू येतात. स्वतःला वर्णा, त्याने तुम्हाला उल्लेखलं, असं मनात म्हणून पाहा. मराठी जरा अवघडल्यासारखं होईल, पण 'अबाउट' येणार नाही. एम्फसाइज आणि स्ट्रेस म्हणजे ठसवणे. मुद्दा ठसवला, 'स्ट्रेस्ड द पॉइंट'. आपल्याकडे भाषणांत 'आय वुड लाइक टू स्ट्रेस ऑन' इतकं रुळलंय की 'ऑन' नसलं तर ऐकणाऱ्यालाच चुकल्यासारखं वाटतं. तरी लिहिताना गाळा.

रीच म्हणजे गाठणे. पुणे गाठलं, 'रीच्ड पुणे'. मग पोहोचणे या शब्दाचं काय करायचं? तो 'अराइव्ह'ला द्या. पुण्यात पोहोचलो, 'अराइव्ह्ड इन पुणे'. स्टेशनवर पोहोचलो, 'अराइव्ह्ड ॲट द स्टेशन'. शहर किंवा देश असेल तर 'इन', स्टेशन, विमानतळ, ऑफिस असेल तर 'ॲट'. गाठणे आणि पोहोचणे ही दोन वेगळी क्रियापदं आपल्या भाषेत तयार असताना आपण दोन्ही इंग्रजी शब्दांना एकच अर्थ देतो आणि मग 'रीच्ड टू' म्हणतो. हा आपला निष्काळजीपणा, इंग्रजीचा दोष नाही.

मॅरी म्हणजे वरणे. हा शब्द आता लग्नपत्रिकेतून आणि पौराणिक नाटकांतूनच भेटतो, पण कामाचा आहे. तिने त्याला वरलं, 'शी मॅरीड हिम'. मराठीत लग्न कुणाशी तरी होतं, त्या 'शी' प्रत्ययापायी आपण 'मॅरीड विथ' म्हणतो. विवाह मंडळांच्या परिचयपत्रकांत 'सिस्टर मॅरीड विथ इंजिनिअर' असतंच असतं. क्रिया सांगायची असेल तर प्रीपोझिशन नको. स्थिती सांगायची असेल तर 'टू' हवं: 'शी इज मॅरीड टू ॲन इंजिनिअर'. इंग्रजीत 'मॅरीड विथ टू चिल्ड्रन' हा प्रयोग मात्र बरोबर आहे. त्याचा अर्थ विवाहित, दोन मुलं असलेला. तेव्हा 'विथ' दिसलं की इंग्रज वाचक पुढे मुलांची संख्या येईल असं धरून चालतो.

लीव्ह या शब्दापाशी थोडं थांबायला हवं, कारण तिथे चूक झाली तर अर्थ पार उलटा होतो. वहीतला अर्थ निघणे. पुण्याला निघालो, पुण्याहून निघालो. 'ला' आणि 'हून' यांनी दिशा सांगितली. इंग्रजीत 'लेफ्ट पुणे' म्हणजे पुणे सोडलं. पुण्याच्या दिशेने निघालो असेल तर 'लेफ्ट फॉर पुणे'. एखाद्याने नाशिकहून निघताना 'आय हॅव लेफ्ट पुणे' असा निरोप पाठवला, तर पुण्यात त्याची वाट पाहणारा माणूस, स्वारी पुणे सोडून गेलीसुद्धा, असं समजून चहा टाकणारच नाही. लीव्ह म्हणजे सोडणे एवढं लिहा, आणि खालच्या ओळीत लीव्ह फॉर म्हणजे कडे निघणे.

आता उलट बाजू. वेट म्हणजे वाट पाहणे लिहिलं की बस कर्म होते, बसची वाट, आणि 'फॉर' सुटतं. वेट म्हणजे खोळंबणे लिहा. बससाठी खोळंबलो. 'साठी' आलं, 'फॉर' आलं. याच अर्थाचा 'अवेट' हा शब्द मात्र सरळ वाट पाहणे आहे, त्याला 'फॉर' लागत नाही. 'अवेटिंग फॉर युवर रिप्लाय' हा आपल्या व्यापारी पत्रांतला कायमचा पाहुणा आहे, त्याला आता निरोप द्या. लिसन म्हणजे ऐकणे लिहू नका, तो अर्थ 'हिअर'ला द्या. लिसन म्हणजे कान देणे. गाण्याकडे कान दिला, 'लिसन्ड टू द साँग'. 'माय हॉबी इज लिसनिंग म्युझिक' असं बायोडेटात लिहिणाऱ्यांची संख्या पाहता ही एक ओळ वहीत भरली तरी पुष्कळ झालं. आस्क म्हणजे विचारणे, आस्क फॉर म्हणजे मागणे. पे म्हणजे चुकतं करणे, आणि पे फॉर म्हणजे कशाचे तरी पैसे देणे. बिल 'पे' करायचं, जेवण 'पे फॉर' करायचं. घरभाडं 'पे', घरासाठी 'पे फॉर'. सर्च म्हणजे झडती घेणे, धुंडाळणे. सर्च फॉर म्हणजे शोधणे. 'द पोलीस सर्च्ड हिम' आणि 'द पोलीस सर्च्ड फॉर हिम' यांत तो माणूस पहिल्या वेळी समोर उभा आहे आणि दुसऱ्या वेळी फरार.

इथवर 'बद्दल', 'वर', 'साठी' यांच्या चुका झाल्या. पण मराठी माणसाचं खरं संकट 'ला' हे आहे.

शाळेत पाठ केलेला विभक्तीचा तक्ता आठवा. द्वितीया: स, ला, ते. चतुर्थी: स, ला, ते. दोन्ही विभक्तींचे प्रत्यय एकच. म्हणजे कर्मालाही 'ला' आणि ज्याला द्यायचं त्यालाही 'ला'. त्यात आणखी एक बारकावा. निर्जीव कर्माला मराठीत बहुधा प्रत्यय लागत नाही. पुस्तक वाचलं, भाकरी खाल्ली. माणूस कर्म झाला की 'ला' लागतो. त्याला विचारलं, तिला भेटलो, मामाला फोन केला. म्हणूनच 'आय रेड टू द बुक' असं कुणी कधी लिहीत नाही, पण 'आय आस्क्ड टू हिम', 'आय मेट टू हर', 'आय कॉल्ड टू माय अंकल', 'प्लीज हेल्प टू मी' हे सगळीकडे ऐकू येतं. कर्म माणूस असलं की आपला 'ला' जागा होतो आणि 'टू' होऊन बसतो. या चुकीत बेशिस्त नाही, मराठीची शिस्त नको तिथे पाळल्याने ती होते.

इंग्रजीलाही पूर्वी असे प्रत्यय होते. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामाच्या शेवटी विभक्ती लागायची, ज्याला द्यायचं त्याचं रूपच वेगळं असायचं. पुढच्या काही शतकांत ते प्रत्यय झिजले आणि त्यांचं काम दोघांनी वाटून घेतलं: शब्दांच्या क्रमाने आणि प्रीपोझिशनने. त्यामुळे आजच्या इंग्रजीत क्रियापदाच्या लगेच पुढे माणूस आला तर त्या जागेमुळेच तो कर्म आहे हे कळतं, वेगळी खूण लागत नाही. आस्क हिम, हेल्प मी, मीट हर, कॉल माय अंकल, थँक द टीचर. गिव्ह, टेल, शो, सेंड या जुन्या, घरगुती क्रियापदांनाही हे चालतं: 'गिव्ह मी द की', 'शो हिम द हाउस'.

एवढं शिकून माणूस हुशार होतो आणि मग 'एक्स्प्लेन मी' म्हणतो. इथे मात्र 'टू' हवं: 'एक्स्प्लेन इट टू मी'. तसंच 'सजेस्ट अ डॉक्टर टू मी', 'डिस्क्राइब द हाउस टू मी', 'मेन्शन इट टू हिम', 'अनाउन्स इट टू द क्लास'. ही क्रियापदं लॅटिन आणि फ्रेंचमार्गे इंग्रजीत आली, आणि अशा बऱ्याच क्रियापदांनी माणसाला थेट शेजारी बसवून घ्यायला नकार दिला. नियम पोलादी नाही. 'ऑफर' आणि 'प्रॉमिस' लॅटिन मुळाचे असूनही माणसाला शेजारी घेतात, आणि 'से' अस्सल इंग्रजी असूनही घेत नाही. तरी अंदाज बांधायला उपयोगी आहे. बोजड, कचेरीतला वाटणारा शब्द असला तर 'टू' लागण्याचा संभव जास्त. घरात रोज वापरायचा, एका झटक्यात उच्चारला जाणारा छोटा शब्द असला तर कमी. 'सजेस्ट मी अ गुड हॉटेल' हे वाक्य तर आता निम्म्या हिंदुस्थानाचं झालं आहे. मित्राला पाठवत असाल तर खुशाल पाठवा. नोकरीच्या पत्रात टाळा.

आता प्रीपोझिशनचं एक काम असं की जे मराठी प्रत्ययांनीही उत्तम समजतं: 'ॲट' आणि 'टू' मधला फरक. 'शी थ्रू द बॉल टू मी' म्हणजे तिने माझ्याकडे चेंडू टाकला, मी झेलावा म्हणून. 'शी थ्रू द बॉल ॲट मी' म्हणजे मला फेकून मारला. 'ही शाउटेड टू मी' म्हणजे लांबून हाक मारली. 'ही शाउटेड ॲट मी' म्हणजे अंगावर ओरडला. हे 'अंगावर' लक्षात ठेवा. कुत्रा अंगावर भुंकतो, 'बार्क्स ॲट'. बोट रोखतो, 'पॉइंट्स ॲट'. टक लावून बघतो, 'स्टेअर्स ॲट'. कुणाला हसतो, टर उडवतो, 'लाफ्स ॲट'. जिथे नजर, आवाज, दगड किंवा राग नेम धरून सोडला जातो तिथे 'ॲट'. एखादा कर्मचारी साहेबांना लिहितो की 'यू शाउटेड टू मी इन द मीटिंग', तेव्हा तक्रार अर्धी पोचतच नाही. साहेबांनी लांबून हाक मारली, एवढंच त्यात लिहिलेलं असतं.

'लुक'चा संसार मोठा आहे आणि तिथे माझी युक्ती वेगळ्या तऱ्हेने चालवावी लागते. लुक ॲट म्हणजे बघणे, लुक फॉर म्हणजे शोधणे, लुक आफ्टर म्हणजे सांभाळणे, लुक इनटू म्हणजे छडा लावणे, लुक डाउन ऑन म्हणजे हिणवणे. पाच वेगळी मराठी क्रियापदं. 'लुक'खाली पाच उपअर्थ लिहू नका. ही पाच स्वतंत्र क्रियापदं आहेत असं समजून पाच वेगळ्या ओळी करा. इंग्रजीच्या या खोडीबद्दल खुद्द सॅम्युअल जॉन्सनने 1755 साली छापलेल्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलं आहे की परक्यांना सर्वांत मोठी अडचण येते ती क्रियापदांना असे छोटे शब्द जोडून अर्थ बदलण्याच्या पद्धतीने. म्हणजे अडचण आपल्याच डोक्याची आहे असं मानायचं कारण नाही. आणि 'लुक फॉरवर्ड टू' विसरू नका. ई-मेलच्या शेवटी 'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू' असं जे असतं तिथे 'मीटिंग यू' हवं. तो 'टू' क्रियापदाच्या आधी येणारा 'टू' नव्हे, प्रीपोझिशन आहे. त्याच्यामागे नाम किंवा नामासारखं रूपच बसतं. पडताळा सोपा आहे: तिथे 'द हॉलिडे' ठेवून पाहा. 'लुकिंग फॉरवर्ड टू द हॉलिडे' जमतं ना? मग क्रियापदाला आयएनजी लावा.

कचेरीतल्या इंग्रजीतली काही शेपटं झटकून टाका, त्यांच्यावर फार वेळ घालवू नका. 'कोप अप विथ' मधलं 'अप' नको. 'कॉम्प्राइज ऑफ' ऐवजी 'कॉम्प्राइज' किंवा 'कन्सिस्ट ऑफ'. 'रिटर्न बॅक' मधलं 'बॅक' नको. 'अटेंड टू द मीटिंग' नको, कारण सभा 'अटेंड' करायची असते आणि 'अटेंड टू' म्हणजे जातीने लक्ष घालणे, जसं डॉक्टर रुग्णाकडे घालतात. नोकरीचा अर्ज करताना जागेसाठी 'अप्लाय फॉर', कंपनीकडे 'अप्लाय टू'. उत्तर देताना 'आन्सर द लेटर' पण 'रिप्लाय टू द लेटर'. रागावताना माणसावर 'अँग्री विथ', गोष्टीबद्दल 'अँग्री अबाउट'. 'अँग्री ऑन' कुठेच नाही. 'ट्रस्ट ऑन' नाही, पण 'डिपेंड ऑन' आणि 'रिलाय ऑन' आहे, म्हणजे इथे मराठीचा 'वर' निम्म्या वेळा जिंकतो.

'पास आउट'बद्दल मात्र मी थोडा हळवा आहे. '2012 मध्ये मी अमुक कॉलेजमधून पास आउट झालो' हे आपण सगळेच म्हणतो, आणि अमेरिकेतला माणूस ते ऐकून घाबरतो, कारण त्याच्या लेखी तुम्ही कॉलेजात बेशुद्ध पडलात. पण आपण ते हवेतून आणलेलं नाही. सैन्यातलं प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडणं याला ब्रिटिश इंग्रजीत 'पास आउट' म्हणतात, आणि खडकवासल्याच्या संरक्षण प्रबोधिनीत आजही पासिंग आउट परेड होते. तेव्हा देशातल्या देशात बोलताना चालू द्या. परदेशी विद्यापीठाला अर्ज करताना 'ग्रॅज्युएटेड फ्रॉम' लिहा.

इथे कोणी विचारेल, बरोबर इंग्रजी नक्की कोणाचं? ब्रिटिश माणूस निकालाविरुद्ध 'अपील अगेन्स्ट' करतो, अमेरिकन नुसतं 'अपील' करतो. एक 'प्रोटेस्ट अगेन्स्ट', दुसरा नुसतं 'प्रोटेस्ट'. अमेरिकन 'राइट मी' म्हणेल, ब्रिटिश 'राइट टू मी'. आपली कोर्टं आणि सरकारी कचेऱ्या ब्रिटिश वळणाच्या, तेव्हा वकिलाकडे जाणाऱ्या कागदात 'अपील अगेन्स्ट द ऑर्डर' ठेवा. पण न्यू जर्सीतली भाची 'राइट मी' म्हणाली म्हणून तिला व्याकरण शिकवायला जाऊ नका. ती बरोबर आहे. एका पत्रात एकच वळण ठेवलं म्हणजे झालं.

कोश कोणता वापरायचा, हा प्रश्न मला प्रीपोझिशनपेक्षा महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे घरोघरी इंग्रजी-मराठी शब्दकोश असतो, आणि रेन आणि मार्टिनचं व्याकरण असतं. त्या व्याकरणात कोणत्या शब्दामागे कोणतं प्रीपोझिशन येतं याच्या लांबलचक याद्या आहेत. पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी त्या पाठ केल्या, परीक्षेत गाळलेल्या जागा भरल्या, आणि बोलताना पुन्हा 'डिस्कस अबाउट'वर आली. यादीला संदर्भ नसतो, म्हणून ती डोक्यात टिकत नाही असं माझं मत आहे. तुम्हाला हवा तो शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश. या जातीच्या कोशांत सर्वांत प्रसिद्ध ए. एस. हॉर्नबीचा. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होता. त्याचा आणि त्याच्या सहकाऱ्यांचा कोश 1942 साली जपानमध्येच छापला गेला आणि 1948 मध्ये ऑक्सफर्डने तो आपल्या नावाने काढला. आजचा ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स तो हाच. त्यात हॉर्नबीने प्रत्येक क्रियापद कोणत्या साच्यात चालतं ते दाखवायचं ठरवलं. जपानीतही आपल्यासारखेच प्रत्यय नामाच्या मागे लागतात, तेव्हा त्याच्या वर्गातल्या मुलांच्या अडचणी आपल्या मुलांच्या अडचणींच्या सख्ख्या बहिणी असणार. आता हा कोश फोनवर फुकट पाहता येतो. शब्द उघडला की अर्थ वाचून बंद करू नका. खालची उदाहरणं वाचा. क्रियापदाच्या मागे प्रीपोझिशन ठळक अक्षरात दिलेलं असतं, आणि ते कुठे दिलेलं नाही हेही तितकंच बोलकं असतं.

वहीत उतरवताना एकटं क्रियापद कधीही लिहू नका. 'एक्स्प्लेन' असं न लिहिता 'एक्स्प्लेन समथिंग टू समबडी' असं लिहा. 'प्रोव्हाइड' असं न लिहिता 'प्रोव्हाइड समबडी विथ समथिंग' लिहा, आणि त्याच्या खाली 'प्रोव्हाइड समथिंग फॉर समबडी'. गडी एकटा दाखवू नका, कोणाबरोबर खेळतो तेही दाखवा.

आता युक्ती जिथे हात टेकते ती ठिकाणं. 'एंटर'साठी मला मराठी क्रियापद सापडलेलं नाही. आपण खोलीत शिरतो, घरात प्रवेश करतो, 'त' सुटत नाही. आणि इंग्रजीत 'एंटर्ड द रूम', मधे काही नाही. करारात मात्र 'एंटर इनटू ॲन ॲग्रीमेंट'. हे असंच पाठ करावं लागेल. अभिनंदन 'ऑन' असतं, 'कॉन्ग्रॅच्युलेट हिम ऑन हिज प्रमोशन'. आभार 'फॉर'. हट्ट 'इन्सिस्ट ऑन'. यश 'सक्सीड इन'. आणि आरोपाची तर तीन तऱ्हांची तीन प्रीपोझिशनं: 'अक्यूज्ड ऑफ थेफ्ट', 'चार्ज्ड विथ थेफ्ट', 'ब्लेम्ड फॉर द लॉस'. पोलीस स्टेशनात, कोर्टात किंवा वर्तमानपत्रात काम करणाऱ्यांनी ही तिन्ही टेबलावर लिहून ठेवावीत, कारण 'अक्यूज्ड' म्हणजे कुणीही केलेला आरोप आणि 'चार्ज्ड' म्हणजे अधिकृत, कागदावरचा. तिथे क्रियापद आणि प्रीपोझिशन दोन्ही चुकली तर बातमीचा अर्थच हलतो.

बोलताना या सगळ्याचा बाऊ करू नका. 'आय वेटेड द बस' म्हणालात तरी तुम्ही बसची वाट पाहत होतात हे ऐकणाऱ्याला कळतं. मुलाखतीत प्रीपोझिशन आठवायला थांबलेला उमेदवार चुकीचं प्रीपोझिशन बोलून पुढे गेलेल्या उमेदवारापेक्षा वाईट दिसतो. लिहिताना मात्र पाठवण्याआधी एकदा फक्त क्रियापदांवरून नजर फिरवा. बाकीचं काही वाचू नका. प्रत्येक क्रियापदापाशी थांबून विचारा, मी हे मनात 'करणे' लावून बोललो का? बोललो असेन, तर त्याच्यामागचं प्रीपोझिशन संशयित आहे. कोश उघडा.

आणि मराठी माध्यमाच्या शाळांतल्या शिक्षकांना एक विनंती. 2000 सालापासून आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याआधीच्या मुलांना ते पाचवीत भेटायचं. म्हणजे शब्दार्थाची वही आता आणखी लवकर सुरू होते, आणि जो अर्थ पहिली-दुसरीत चिकटतो तो सहजी निघत नाही. 'डिस्कस्ड अबाउट' मधलं 'अबाउट' लाल शाईने खोडाल तेव्हा समासात 'चर्चिणे' एवढा एक शब्द लिहा. 'रीच्ड टू'च्या समोर 'गाठणे'. 'वेटेड द बस'च्या समोर 'खोळंबणे'. 'लिसनिंग म्युझिक'च्या समोर 'कान देणे'. 'आस्क्ड टू हिम'पाशी लिहा की माणूस शेजारीच बसलाय, 'ला' नको. खोडायला लागतो त्याहून फार वेळ यात जात नाही, आणि पुढच्या निबंधात तीच लाल रेघ पुन्हा मारावी लागत नाही.